दुरुस्तीच्या टेबलावर झालेली निवड

घरातील संगणकासाठी विषाणूरोधक प्रणाली, म्हणजेच अँटिव्हायरस, कोणती घ्यावी हा प्रश्न आज ग्राहकाच्या विवेकाचा म्हणून मांडला जातो: चाचण्यांचे निकाल पाहावेत, किमती ताडून पाहाव्यात आणि मग ठरवावे, असे त्याला सांगितले जाते. पश्चिम भारतात या मालाची विक्री कशी वाढली हे तपासले असता मात्र वेगळेच चित्र दिसते. ही निवड बराच काळ ग्राहकाने केलीच नाही. संगणक बिघडल्यावर तो ज्याच्या टेबलावर नेऊन ठेवला जाई, त्या दुरुस्ती करणाऱ्याने ती केली आणि घरमालकाने तिचे पैसे दिले. यात फसवणुकीचा भाग थोडा आणि व्यवसायाच्या घडणीचा भाग मोठा आहे, कारण महाराष्ट्रातील अँटिव्हायरसचा उद्योग मुळात दुरुस्तीच्या दुकानातूनच जन्माला आला.

या इतिहासाकडे पाहण्यासाठी हुबळी हे ठिकाण सोयीचे आहे. पुणे आणि बेंगळुरू यांना जोडणाऱ्या महामार्गावर, दोन्ही शहरांपासून जवळपास सारख्याच अंतरावर वसलेल्या या शहराने १९५६ पर्यंत मुंबई राज्यातील धारवाड जिल्ह्याचे व्यापारी केंद्र म्हणून व्यवहार केला आणि राज्यपुनर्रचनेनंतर त्याचा प्रशासकीय ओढा बेंगळुरूकडे वळला, तरी येथील मराठी कुटुंबांचे नातेसंबंध आणि बाजारपेठेतील जुन्या ओळखी उत्तरेकडेही राहिल्या. १७२७ मध्ये सावनूरच्या नवाबाच्या काळात बसप्पा शेट्टर या व्यापाऱ्याने नवी पेठ वसवली आणि तेव्हापासून भवानीशंकर मंदिराच्या परिसरातील मूळ वस्तीला जुनी हुबळी म्हणण्याची रीत पडली. संगणकक्षेत्रातही हा रस्ता बराच आधी वापरात आला होता: १९४७ मध्ये स्थापन झालेल्या हुबळीच्या भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्ती, पुण्यात टेल्को कारखान्यात नोकरीला लागल्या, आणि १९८१ मध्ये इन्फोसिसची सुरुवात पुण्यातच होऊन ती कंपनी दोन वर्षांनी बेंगळुरूस गेली. अँटिव्हायरसच्या बाबतीतही हुबळी दोन उत्पादक शहरांच्या मधली पेठ होती, कारण पुण्यात क्विक हील तयार होत असे आणि बेंगळुरूत प्रोलँड कंपनीचे प्रोटेक्टर प्लस.

संगणक विषाणू म्हणजे स्वतःच्या प्रती दुसऱ्या प्रोग्रामना किंवा चकत्यांना चिकटवत पसरणारा प्रोग्राम. फ्रेड कोहेन या अमेरिकी संशोधकाने १९८३ मध्ये विद्यापीठातील यंत्रणेवर असा प्रोग्राम प्रयोगादाखल चालवून दाखवला. त्याच्या पुढील मांडणीतील एक निष्कर्ष ग्राहकाच्या दृष्टीने फार मोलाचा असूनही विक्रीच्या जाहिरातीत कधी आला नाही: कोणताही दिलेला प्रोग्राम विषाणू आहे की नाही हे प्रत्येक बाबतीत अचूक ठरवणारी पद्धत तत्त्वतःच असू शकत नाही, असे त्याने गणिताने सिद्ध केले. म्हणजे शंभर टक्के संरक्षण देणारी प्रणाली अजून कोणाला बनवता आलेली नाही इतकेच नव्हे, ती बनवता येणारच नाही. हे गृहीत धरले की निवडीचा प्रश्न ‘सर्वांत चांगली कोणती’ असा न राहता ‘कोणत्या प्रकारची चूक परवडेल’ असा होतो.

वैयक्तिक संगणकावरील पहिला सर्वदूर पसरलेला विषाणू भारताच्या शेजारीच तयार झाला. लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी १९८६ मध्ये लिहिलेला ‘ब्रेन’ हा फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक चालू होताना चकतीचा जो पहिला भाग वाचला जातो त्यात, आपली प्रत ठेवत असे, आणि त्यात त्या भावांचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही लिहिलेला होता. आपल्या वैद्यकीय प्रोग्रामच्या चोरट्या प्रती कोण काढतो हे कळावे असा आपला हेतू होता, असे त्यांनी नंतर सांगितले. या घटनेतून दोन गोष्टी ध्यानात येतात: एक म्हणजे दक्षिण आशियात विषाणूचा प्रवास सुरुवातीपासून नक्कल केलेल्या सॉफ्टवेअरच्या वाटेने झाला, आणि दुसरी म्हणजे तो हातोहात, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर होत असल्यामुळे जिथे अनेकांच्या फ्लॉप्या एकत्र येत तीच जागा संसर्गाची मुख्य जागा ठरली. संगणक प्रशिक्षणाचे वर्ग, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा आणि दुरुस्तीची दुकाने या तीन जागा त्यात अग्रभागी होत्या. ज्या टेबलावर रोग बरा होई, त्याच टेबलावर तो लागतही असे.

मराठी वाचकाला ज्याचे नाव ओळखीचे वाटेल असा विषाणू १९९० च्या जूनमध्ये भारतात प्रथम नोंदवला गेला. ‘जोशी’ या नावाने जगभरच्या याद्यांत गेलेला हा बूट सेक्टर विषाणू दरवर्षी ५ जानेवारीस संगणक अडवून ठेवी आणि जोशी यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा इंग्रजीत टंकित केल्याशिवाय पुढे काम करू देत नसे. विनोदी वाटणाऱ्या या कृत्यामागची रचना मात्र कच्ची नव्हती: कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी जोशी स्मृतीतून जात नसे, वीज बंद करून स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र चालू करणे हाच उपाय होता. हे ज्ञान माहितीपुस्तिकेत नव्हते. ते दुरुस्ती करणाऱ्यांच्या मंडळींत तोंडोतोंडी पसरले, आणि ज्याच्याकडे लेखनबंद केलेली स्वच्छ बूट फ्लॉपी असे त्याचा शब्द त्या काळी गिऱ्हाइकासाठी अखेरचा असे.

या पार्श्वभूमीवर क्विक हीलची सुरुवात समजून घ्यावी लागते. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर शालेय शिक्षण संपताच पुण्यात रेडिओ व कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरीस लागले, १९९० च्या सुमारास त्यांनी मंगळवार पेठेत स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले आणि १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने संगणकाची देखभाल सुरू केली. त्यांचे धाकटे बंधू संजय हे त्याच सुमारास पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांपैकी कित्येकांचा बिघाड विषाणूचा असे, आणि एकेका विषाणूवर उतारा म्हणून संजय यांनी लिहिलेली छोटी साधने दुकानात वापरता वापरता १९९० च्या दशकाच्या मध्यास डॉस या कार्यप्रणालीसाठीचे क्विक हील तयार झाले. याच सुमारास चेन्नईत के-सेव्हन आणि मुंबईत मायक्रोवर्ल्ड या कंपन्याही याच कामात होत्या, तर परदेशातून मॅकॅफी आणि डॉ. सॉलोमन यांच्या प्रणाली येत. या विदेशी प्रणालींचा पल्ला मोठा असला, तरी भारतात नव्याने फिरू लागलेल्या विषाणूचा नमुना त्यांच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचून उतारा परत येण्यास वेळ लागे. मंगळवार पेठेतील दुकानात तो नमुना गिऱ्हाईक स्वतःच आणून देत असे.

हा मुद्दा थोडा उलगडून सांगायला हवा, कारण त्या काळच्या संरक्षणाचे सारे मर्म त्यात आहे. अँटिव्हायरस त्या वेळी प्रामुख्याने खुणेवरून ओळख पटवत असे: विषाणूच्या संकेतातील बाइट्सचा एखादा वैशिष्ट्यपूर्ण क्रम यादीत नोंदवायचा आणि चकतीवरील प्रत्येक फाइलमध्ये तो सापडतो का ते पाहायचे. या यादीला व्याख्या-फाइल म्हणतात. नोंद झालेला विषाणू अशी प्रणाली सहज पकडते आणि नोंद न झालेला तिला दिसतही नाही. म्हणून यादी किती मोठी आहे यापेक्षा आपल्या गावात फिरणारा विषाणू त्यात कितव्या दिवशी येतो याला महत्त्व असते. संशयास्पद रचना किंवा वर्तन यांवरून अंदाज बांधण्याची पद्धत नंतर रुळली. तिच्यामुळे अनोळखी विषाणूही काही प्रमाणात सापडू लागले, पण निरपराध फाइल दोषी ठरण्याचा धोकाही वाढला. तरीही या बाबतीतली सर्वांत गाजलेली चूक साध्या खुणेच्या यादीतच झाली: २०१० च्या एप्रिलमध्ये मॅकॅफीच्या एका सदोष व्याख्या-फाइलने विंडोज एक्सपीमधील एक अत्यावश्यक फाइल विषाणू म्हणून बाजूला काढली आणि जगभरातील असंख्य संगणक चालू होईनासे झाले.

घरगुती ग्राहकाला अँटिव्हायरस विकत घेण्याची गरज पटवण्याचे काम भारतात कोणत्याही जाहिरातीपेक्षा २६ एप्रिल १९९९ या दिवसाने अधिक केले. तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेला, चेर्नोबिल या नावानेही ओळखला जाणारा सीआयएच विषाणू त्या दिवशी जागा झाला, आणि विंडोज ९५ व ९८ वर चालणाऱ्या संगणकांच्या हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग त्याने पुसून टाकला. शिवाय ज्या मदरबोर्डांवर शक्य होते तेथे बायोस, म्हणजे यंत्र जागे करणारा मूलभूत संकेत, तोही खोडला. भारत हा मोठा फटका बसलेल्या देशांपैकी एक होता. तोवर विषाणू म्हणजे त्रास असे. आता प्रथमच विषाणूने यंत्राचे यंत्रपणच घालवले, कारण बायोसची चिप काढून ती दुसऱ्या यंत्रात पुन्हा लिहिल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय संगणकाच्या पडद्यावर अक्षरही उमटत नसे. हे काम घरी होणारे नव्हते. चिप लिहून देणारा, हार्ड डिस्कमधून हिशेबाच्या फाइली परत काढून देणारा आणि वर ‘आता हा अँटिव्हायरस टाकून घ्या’ असे सांगणारा माणूस एकच असल्यावर त्याच्या शिफारशीला हरकत घेण्याचा प्रश्नच उरला नाही.

स्वतःला पारखता न येणारे संरक्षण ओळखीच्या मध्यस्थाच्या शब्दावर स्वीकारणे हुबळीला नवे नव्हते. १८९८ च्या प्लेगमध्ये हाफकीन यांनी मुंबईत तयार केलेली लस या शहरात फार मोठ्या प्रमाणावर टोचली गेली आणि कॅप्टन ल्यूमन या डॉक्टरांच्या देखरेखीखालील ही मोहीम तत्कालीन वैद्यकीय वाङ्मयात वारंवार उल्लेखिली गेली. लस बाटलीतून मुंबईहून येई, तिचा प्रभाव काही महिन्यांत ओसरत असल्याने ती पुन्हा टोचावी लागे, आणि ती घ्यावी की नाही हे माणूस बाटलीकडे पाहून नव्हे तर टोचणाऱ्याकडे व आपल्या पेठेतील वजनदार मंडळींकडे पाहून ठरवत असे. हे साम्य फार ताणणे योग्य नाही. प्लेग जिवाणूचा रोग, त्याची लस सरकारी खर्चाची आणि पणाला माणसाचा जीव. तरीही संगणकाच्या विषाणूरोधकांना सुरुवातीच्या काळात लस म्हणण्याची पद्धत होती आणि दरवर्षी नूतनीकरण करण्याची कल्पना लोकांना विचित्र वाटली नाही, याची कारणे अशा जुन्या सवयींतही शोधावी लागतात.

इसवी सन २००० नंतर घरगुती संगणकांची संख्या वाढली. महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक मध्यमवर्गीय घराच्या खरेदीच्या यादीत आणला, आणि सीमेपलीकडील कर्नाटकातही सुटे भाग जोडून बनवलेला, बोलीत ‘असेंबल्ड’ म्हटला जाणारा संगणक हीच घरची पहिली खरेदी असे. या संगणकावर विंडोज कोठून आली हे फारसे कोणी विचारत नसे. दुकानदार ती ‘टाकून’ देई, बिघाड झाला की ‘फॉरमॅट मारून’ पुन्हा टाकी, आणि परवाना नसलेल्या प्रतीवर मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या चालू ठेवल्यास इशारे येतात म्हणून त्या बंद करून ठेवी. परिणामी ज्या भोकांतून विषाणू शिरतात ती बुजवण्याचे काम थांबले आणि सारा भार अँटिव्हायरसवर पडला. २००९ च्या सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी एसेन्शियल्स ही विनामूल्य प्रणाली दिली, परंतु ती अस्सल विंडोजवरच बसत असल्याने ज्यांना फुकट संरक्षणाची सर्वाधिक गरज होती त्याच घरांना ती मिळाली नाही. ज्याने विंडोजचे पैसे दिले नव्हते त्याने अँटिव्हायरसचे मात्र दिले. या उद्योगाच्या भारतातील भरभराटीचे हे एक महत्त्वाचे, आणि त्याच्या यशोगाथांत सहसा न येणारे, कारण आहे.

त्याच दशकात फ्लॉपीची जागा पेन ड्राइव्हने घेतली आणि संसर्गाच्या जागा बदलल्या. प्रकल्पाची मुद्रित प्रत काढण्यासाठी विद्यार्थ्याने झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत पेन ड्राइव्ह लावायचा आणि घरी येताना त्यावर फोल्डरसारखे चित्र धारण केलेला ‘न्यू फोल्डर’ नावाचा विषाणू आणायचा, हा क्रम तेव्हाच्या प्रत्येक शहरात ओळखीचा होता. विंडोजमधील ऑटोरन ही सोय, म्हणजे चकती वा पेन ड्राइव्ह लावताच त्यावरील प्रोग्राम आपोआप चालू होणे, या प्रसाराला मुख्यतः जबाबदार होती. २००८ च्या अखेरीस पसरलेल्या कॉन्फिकर या विषाणूनेही तिचा वापर केला आणि २०११ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही पेन ड्राइव्हपुरती ती सोय बंद करणारी दुरुस्ती सर्वांना पाठवली. ज्या घरी इंटरनेट नव्हते किंवा मोजूनमापून वापरले जाई, तेथे व्याख्या-फाइल दुकानातून पेन ड्राइव्हवर आणून यंत्रात भरावी लागे. म्हणून अशा सुट्या अद्ययावत फाइली सहज देणारी आणि हाक मारल्यावर मराठी, कन्नड वा हिंदीत उत्तर देणारी कंपनी ग्राहकाला अधिक भावली. प्रयोगशाळेच्या चाचणीत हे गुण मोजले जात नाहीत, पण निवडीत त्यांचे वजन होते आणि ते रास्तच होते.

चाचण्या अर्थात होत होत्या. ब्रिटनच्या ‘व्हायरस बुलेटिन’ या १९८९ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिकाने १९९८ पासून दिलेले व्हीबी-१०० हे मानचिन्ह, फिरतीवर असलेले सर्व नोंदलेले विषाणू पकडले आणि एकाही निर्दोष फाइलला दोषी ठरवले नाही, तरच मिळत असे; पुढे जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्थांनी यंत्र किती मंदावते हेही मोजायला सुरुवात केली. हा शेवटचा निकष भारतीय घरांत निर्णायक ठरावा असा होता, कारण ५१२ मेगाबाइट स्मृतीच्या यंत्रावर भारी प्रणाली बसवली की ते अँटिव्हायरसशिवाय दुसरे काही करू शकत नसे. तरीही मानचिन्हे बहुधा खोक्यावरची शोभा राहिली. दुकानदाराचा हिशेब वेगळा असे: कोणत्या खोक्यावर दलाली अधिक, कोणता वितरक उधारी देतो आणि कोणती प्रणाली बसवल्यावर गिऱ्हाईक आठवड्याने तक्रार घेऊन येत नाही. यातील तिसरा निकष ग्राहकाच्याही हिताचा होता, आणि व्यवस्था इतकी वर्षे टिकली ती बहुधा त्याच्या जोरावर.

राज्यसंस्था या व्यवहारात उशिरा आली. १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ ने दुसऱ्याच्या संगणकात विषाणू सोडणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य ठरवले. २००४ मध्ये सर्ट-इन ही आपत्कालीन प्रतिसाद संस्था कामास लागली. आणि २१ फेब्रुवारी २०१७ रोजी तिच्या सायबर स्वच्छता केंद्राने संगणक साफ करण्याची विनामूल्य साधने नागरिकांस दिली, ज्यांतील पहिले क्विक हीलच्या सहकार्याने तयार झाले होते. तोवर कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे नाव २००७ मध्येच क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले होते आणि २०१६ च्या फेब्रुवारीत कंपनी शेअर बाजारात दाखल झाली होती.

दरम्यान घरगुती निवडीची मूळ बैठकच बदलत होती. २०१२ च्या विंडोज ८ पासून अँटिव्हायरस विंडोजच्या आतच येऊ लागला आणि पुढील काही वर्षांत स्वतंत्र चाचण्यांत तो वरच्या श्रेणीत पोहोचला. मे २०१७ मधील वॉनाक्राय या खंडणीखोर प्रणालीने, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या प्रणालीने, मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलेली दुरुस्ती न बसवलेल्या यंत्रांचा ताबा घेतला आणि भोके बुजवणे हे पहारेकरी ठेवण्याच्या आधीचे काम आहे हे उघड केले. दुसरीकडे पहारेकऱ्यावरच संशय घेण्याची कारणे पुढे आली. विनामूल्य अँटिव्हायरससाठी प्रसिद्ध असलेल्या अवास्टची उपकंपनी वापरकर्त्यांचा ब्राउझिंगचा तपशील विकत असल्याचे उघडकीस आल्यावर २०२० मध्ये ती बंद करावी लागली आणि अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये अवास्टकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी अमेरिकेने रशियन कॅस्परस्कीच्या विक्रीवर बंदी घातली. ज्या प्रोग्रामला यंत्रातील प्रत्येक फाइल वाचण्याचा अधिकार द्यावा लागतो त्याचा मालक कोण, हा प्रश्न दुरुस्तीच्या टेबलावर पूर्वी कधी निघाला नव्हता, आणि त्याचे उत्तर दुरुस्ती करणाऱ्याजवळ नाही.

सध्या जुन्या हुबळीसारख्या वस्तीतील दुकानात येणारे काम मुख्यतः विंडोज १० ची यंत्रे घेऊन येते. या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि सुरक्षाचिप व प्रोसेसर यांच्या अटींमुळे कित्येक धडधाकट यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही. अंगभूत अँटिव्हायरसच्या व्याख्या-फाइली विंडोज १० साठी किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत देत राहण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे, पण कार्यप्रणालीतील भोके बुजवणाऱ्या दुरुस्त्या त्यात मोडत नाहीत आणि विकतचा अँटिव्हायरसही त्या देऊ शकत नाही. तीन वर्षांचा परवाना असलेले खोके आणि दुसरी कार्यप्रणाली किंवा दुसरे यंत्र यांतून आता निवडायचे आहे, आणि त्यांपैकी पहिल्यावरच दुकानदाराला दलाली मिळते.